गिनी घेण्याआधी तिचा आवाज ऐकून या

प्रश्न थोडक्यात असा आहे. बांद्याजवळ वीस गुंठ्यांत घर बांधलंय, आई-बाबा तिथे राहतात, मुलगा-सून पुण्यात. आवारात साप दिसतात, कुत्र्याला गोचिडी होतात. सहा गावठी कोंबड्या आणि एक कोंबडा घरी आहेच. व्हिडिओत बघितलं की गिनी फाऊल (कोंबडीसारखा पाळीव पक्षी) ठेवली की साप फिरकत नाहीत, गोचिडी संपतात आणि खाद्यालाही फार पैसे पडत नाहीत. तर एक जोडी घ्यावी का? शेजारचं घर साठ फुटांवर आहे.

घ्या. पण जोडी घेऊ नका, आणि सापासाठी घेऊ नका.

मी तुमच्याच भागातली, सावंतवाडी तालुक्यातली. तेरा वर्षं गिनी पाळते आहे. कधी सहा, कधी बावीस, सध्या अकरा आहेत. व्हिडिओवाले सांगतात त्यातलं निम्मं खरं असतं, फक्त कोणतं निम्मं ते आवारात पक्षी आल्यावर कळतं.

आधी सापाचंच घेऊ. आमच्याकडे मे महिन्यात एकदा दुपारी माडाखाली सगळ्या गिनी गोल करून उभ्या होत्या. माना पुढे ताणलेल्या, डोकी खाली, पिसं किंचित फुललेली, आणि प्रत्येकीच्या तोंडून चक्-चक्-चक्-चक् असा शिवणयंत्रासारखा न थांबणारा आवाज. मधोमध चांगली सहा फुटी धामण. एकही गिनी हातभर अंतराच्या आत गेली नाही. धामण जिकडे तोंड करी तिकडच्या गिनी दोन पावलं मागे आणि पाठीमागच्या दोन पावलं पुढे. शेवटी ती वैतागून गडग्याच्या, म्हणजे दगडी कुंपणाच्या, फटीत शिरली आणि गिनी पुढचा पाऊण तास त्या फटीकडे बघत ओरडत राहिल्या. गिनी सापाचं जे करते ते एवढंच. बारक्या पिल्लाला टोचून मारतातही, पण मोठ्या सापाला त्या मारत नाहीत. तो कुठे आहे ते गावभर सांगतात. दिवसा ह्याचा खरोखर उपयोग होतो, कारण आपण पाय टाकण्याआधी जागा कळते.

अडचण रात्रीची आहे. मण्यार रात्री हिंडते. घोणस आणि फुरसंही बहुतेक अंधार पडल्यावरच बाहेर येतात. त्या वेळी गिनी खुराड्यात दांडीवर मान आखडून झोपलेल्या असतात आणि अंधारात त्यांना जवळजवळ काही दिसत नाही. म्हणजे ज्या सापांची धास्ती आपल्या भागात सगळ्यात जास्त, त्यांच्या वेळेला तुमचा राखणदार झोपलेला. शिवाय सांडलेल्या दाण्यावर उंदीर येतात आणि उंदरामागे साप येतो. खाद्य कसंही उधळणाऱ्या घरी गिनीमुळे साप कमी होण्याऐवजी वाढलेले मी बघितलेत. तेव्हा रात्री आई-बाबांनी बॅटरी घेऊन, पायात काहीतरी घालूनच बाहेर पडायचं, घराभोवतीचा पातेरा (वाळका पाला) काढायचा, गडग्याची भोकं बुजवायची. गिनी आल्या म्हणून ह्यातलं काही सुटत नाही. आणि कुणाला दंश झालाच तर वेळ न घालवता सरळ दवाखाना.

गोचिडींच्या बाबतीत जरा बरी बातमी आहे, पण तीही अर्धीच. अमेरिकेत न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवर हरणांच्या गोचिडीवर गिनींचा काय परिणाम होतो त्याचा अभ्यास १९९२ साली छापून आला. गिनी फिरत होत्या त्या हिरवळीवर मोठ्या गोचिडी कमी झाल्या. पुढे न्यूयॉर्क राज्यातच जे काम झालं त्यात दिसलं की मोठ्या गोचिडी कमी होतात, पण खसखशीएवढ्या बारक्या अवस्थेतल्या गोचिडींवर फारसा फरक पडत नाही. आपल्याला हे नीट लक्षात ठेवायला हवं, कारण दोडामार्ग-बांदा पट्ट्याने माकडताप बघितलाय आणि तो माणसाला होतो तो मुख्यतः ह्या बारक्या गोचिडींच्या चाव्यातून. बाबा काजूत किंवा रानाच्या कडेला जात असतील तर लांब बाह्या, अंगाला लावायचं तेल आणि परत आल्यावर गरम पाण्याने आंघोळ हे चालूच राहू दे.

गोठ्यात मात्र फायदा डोळ्यांना दिसतो. जनावराचं रक्त पिऊन टम्म फुगलेली गोचीड अंडी घालायला खाली जमिनीवर पडते. तेवढ्यात गिनीने उचलली तर पुढची दोन-तीन हजार पिल्लं टळली. आमच्या म्हशीच्या पायाशी सकाळी दोघी-तिघी खाली बघत उभ्याच असतात. तुमच्या कुत्र्याच्या गोचिडींचं तसं नाही. त्या बहुतेक भिंतीच्या भेगांत, पायरीखाली, त्याच्या गोणपाटाच्या घड्यांत राहतात. तिथे गिनीची चोच पोचत नाही, त्यासाठी पशुवैद्यांचं औषधच.

मग घ्यायच्या कशासाठी? माझ्या मते आवाजासाठी. लोक ज्या गोष्टीला कंटाळून गिनी विकून टाकतात तीच तिची खरी कमाई आहे. अनोळखी माणूस, भटकं कुत्रं, मुंगूस, आंब्यावर आलेली माकडं, वर घिरट्या घालणारा शिक्रा, काहीही आलं की ओरड. थोड्या महिन्यांत त्यातला फरकही कळायला लागतो. सगळ्या माना तिरक्या करून एकेका डोळ्याने आभाळाकडे बघतायत, मग वर काहीतरी आहे. गोल करून जमिनीकडे, मग सरपटणारं. एका रांगेत धावत फाटकाकडे, मग माणूस किंवा कुत्रं. आणि कधीकधी काहीच नसतं. एकदा मी विहिरीवर लाल प्लास्टिकची नवी बादली ठेवली तर तिच्याभोवती सकाळी नऊ ते अकरा सभा भरली होती. शेवटी सासूबाईंनी ती बादली पदराखाली झाकून घरात नेली.

म्हणून घेण्याआधी कुणाकडे तरी जाऊन अर्धा दिवस बसा. व्हिडिओत आवाज कमी करता येतो. बाबांना दुपारी झोप लागते का, आईंना रक्तदाबाचा त्रास आहे का, हे तुम्ही बघायचं. आणि साठ फुटांवरच्या शेजाऱ्यांना पक्षी आणण्याआधी सांगायचं, नंतर नाही. आमच्या शेजारच्या काकांनी पहिल्या वर्षी रोज गडग्यावरून विचारलं, “ह्येंका दुसरां काय काम नाय?” मी दर शनिवारी डझनभर अंडी पोचवत राहिले. अजूनही विचारतात, पण आता अंडी घेता घेता. पुण्यातल्या सोसायटीत किंवा रो-हाऊसच्या मागच्या अंगणात मात्र हा पक्षी आणूच नका. तिथे कितीही अंडी वाटलीत तरी पुरणार नाहीत.

आता जोडी का नको. गिनी हा थव्याचा पक्षी. दोनच असल्या तर दिवसभर एकमेकींना हाका मारत फिरतात, आणि त्यातली एक मुंगसाने नेली की उरलेली आठवडाभर रडते. अक्षरशः रडते, तो आवाज ऐकवत नाही. कमीत कमी सहा ठेवा, त्यात नर दोनच. नर-मादी ओळखणं कठीण, रंग सारखाच, डोक्यावरचं शिंगासारखं टेंगूळ दोघांनाही असतं. नराचे गालाचे लाल लोलक मोठे आणि जरा वाटीसारखे वळलेले, पण दोन महिन्यांच्या पिल्लात तेही खात्रीने सांगता येत नाही. खात्रीची खूण आवाजाची. मादी दोन तुकड्यांत ओरडते, दुसरा तुकडा वर चढतो. आमच्या घरात तो “ये-बघ! ये-बघ!” असा ऐकू येतो. नराला हे जमत नाही, तो एकाच तुकड्यात चिर्र-चिर्र करतो. घाबरल्यावर मादीही एका तुकड्यात ओरडते, त्यामुळे एकदा ऐकून निर्णय करू नका. “ये-बघ” ऐकू आलं की तिच्या पायाला रंगीत दोरा बांधा आणि मोकळे व्हा.

बाजारात कुणी हिला तितरी म्हणून दाखवली तर गोंधळू नका. उत्तरेकडे काही ठिकाणी तेच नाव आहे. आपला रानातला तितर वेगळा, तो वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली येतो आणि पाळणं गुन्हा आहे. गिनी मूळची आफ्रिकेतली, शेकडो वर्षं माणसाळलेली. बरेलीजवळच्या इज्जतनगरला केंद्रीय पक्षी संशोधन संस्था आहे, तिने कादंबरी, चितांबरी आणि श्वेतांबरी अशा तीन जाती तयार केल्यात. घरासाठी कोणतीही चालेल. मला आपली करड्या अंगावर तांदळाच्या कण्या उधळल्यासारखे ठिपके असलेली आवडते. पांढरी सुंदर दिसते, पण शिक्र्यालाही ती लांबून दिसते.

मोठे पक्षी विकत आणून मोकळे सोडलेत तर संध्याकाळपर्यंत पक्षी आणि पैसे दोन्ही गेले म्हणून समजा. मी पहिल्या वर्षी आठ आणले, विकणाऱ्याने सांगितलं चार दिवस कोंडा, पुरे. पाचव्या दिवशी सोडले. तीन परत आले, दोन पुढच्या वाडीत कुणाच्या तरी माडावर सापडले आणि तिघांचा पत्ता नाही. मोठा पक्षी निदान पाच-सहा आठवडे खुराड्यातच हवा. मग आधी दोघींनाच सोडायचं, बाकीच्या आत. थवा आत असताना त्या दोघी लांब जात नाहीत. आठवड्याने आणखी दोघी. आणि पहिल्या दिवसापासून संध्याकाळी डब्यात बाजरी खुळखुळवून तीच हाक मारायची. खुराड्याचं दार अंधारं दिसलं की गिनी आत शिरत नाही, बाहेर उभी राहून ओरडते. आत एक लहान दिवा लावा, सगळ्या आत गेल्या की विझवा. दांडी पाच-साडेपाच फुटांवर, जाळी बारीक. एवढं केलं नाहीत तर त्या फणसावर झोपणार, आणि फणसावरच्या गिनी घुबडाला एकेक करून सापडतात.

त्यापेक्षा सोपा मार्ग तुमच्याकडे आधीच आहे. तुमच्या गावठी कोंबड्या.

गिनी स्वतः आई म्हणून अगदीच बेफिकीर. ओल्या गवतातून भराभरा चालत सुटते, पिल्लं मागे भिजून गारठतात, तिला पत्ताही नसतो. गावठी कोंबडी खुडूक झाली की तिच्याखाली गिनीची पंधरा-सोळा अंडी ठेवा. अंडं लहान असतं, साधारण ४० ग्रॅमचं, त्यामुळे तेवढी सहज मावतात. फक्त कोंबडीची अंडी त्यात मिसळू नका. कोंबडीची एकविसाव्या दिवशी फुटतात, गिनीला २६ ते २८ दिवस लागतात. मिसळलीत तर कोंबडी आपली पिल्लं घेऊन उठते आणि गिनीची अंडी शेवटच्या आठवड्यात गार पडतात.

कोंबडीने वाढवलेली पिल्लं तिच्याबरोबर रोज संध्याकाळी खुराड्यात शिरतात आणि ती सवय जन्मभर राहते. आपण महिनाभर डबा खुळखुळवून जे शिकवतो ते ती फुकटात शिकवते. गंमत दोन महिन्यांनी होते. एका संध्याकाळी पिल्लं भुर्रकन आंब्याच्या फांदीवर जाऊन बसतात आणि खाली ती कोंबडी मान वर करून क्लुक-क्लुक करत झाडाला प्रदक्षिणा घालते. तिला काही केल्या कळत नाही की आपल्या मुलांना झालं काय. त्या दोन-चार दिवसांत काठीने पिल्लं खाली उतरवून आईबरोबर आत घाला, मग प्रश्न मिटतो.

पहिले सहा आठवडे पिल्लांना जपायला लागतं. मोठी गिनी चिवट, पिल्लू मात्र ओलीने मरतं. आपल्याकडे जूननंतर काढलेल्या पिल्लांतली निम्मीदेखील माझ्याकडे कधी जगली नाहीत, म्हणून मी जे काही काढायचं ते शिमग्यानंतरच्या पहिल्या अंड्यांतून काढते, पाऊस लागेपर्यंत पिल्लं पिसं धरतात. पाण्याच्या उथळ ताटलीत गोटे टाका, नाहीतर अर्ध्या इंच पाण्यातही बुडतात. खाली गुळगुळीत वर्तमानपत्र घालू नका, पाय फाकतात ते पुन्हा सहज जुळत नाहीत. गोणपाट किंवा भाताचं तूस बरं. कोंबडी नसेल आणि दिव्याखाली वाढवत असाल तर पहिल्या आठवड्यात ३५ अंश ऊब, मग दर आठवड्याला थोडी थोडी कमी. खाद्य कोंबडीच्या पिल्लांपेक्षा जड लागतं, २४ टक्क्यांच्या आसपास प्रथिनं. नुसत्या तांदळाच्या कणीवर वाढवलेली पिल्लं लंगडी आणि किडमिडी होतात. ब्रॉयलरचं सुरुवातीचं खाद्य आणा, आणि बाबांना सांगा की बागेतून वाळवी लागलेलं लाकूड आणून पिल्लांपुढे आपटायचं. पाच मिनिटांत साफ होतं. खाद्यात औषध मिसळलेलं असेल तर आधी पशुवैद्यांना विचारा, राणीखेत रोगाची लसही त्यांच्याच सल्ल्याने द्या. गिनी कोंबडीपेक्षा काटक आहे हे खरं, पण ‘रोगच नाही’ हे व्हिडिओतलं. बर्ड फ्लू तिलाही होतो. एकाएकी दोन-तीन पक्षी मेले तर हात न लावता सरकारी दवाखान्याला कळवा.

अंडी म्हणाल तर मार्चपासून सप्टेंबरपर्यंत, एका मादीची चांगल्या सांभाळात शंभराच्या आसपास. नवरात्र आलं की बंद. कवच इतकं जाड की ऑम्लेट करताना वाटीच्या कडेवर दोनदा आपटावं लागतं, पण त्यामुळेच ती टिकतात. चव गावठीसारखीच, बलक जरा मोठा. फक्त ती सापडायला हवीत. गिनीला तुमचं टोपलं नको असतं. एक मादी करवंदीच्या जाळीत घालते, बाकीच्या तिथेच येऊन घालतात, आणि तुम्हाला वाटतं अंडी बंद झाली. एका वर्षी मला एकाच ठिकाणी सत्तावीस मिळाली. शोधायची युक्ती एकच. दुपारच्या सुमारास नर कुठल्या झुडपाबाहेर उगाच उभा आहे ते बघायचं, मादी आत असते. सगळी उचलू नका, चार-पाच खूण करून तिथेच ठेवा, नाहीतर जागा बदलतात. किंवा दुपारपर्यंत खुराड्यातच ठेवा आणि मग सोडा. मी हल्ली तेच करते.

भाजीच्या वाफ्यात कोंबडीपेक्षा गिनी कितीतरी बरी. ती कोंबडीसारखी नखांनी जमीन उकरत नाही, वरवरचे किडे टिपत जाते. कोवळे अंकुर मात्र खुडते, आणि धुळीत लोळायला खड्डा करायचा झाला तर नेमका तुमच्या मिरचीच्या बुंध्याशी करते. रोपं चार पानांवर येईपर्यंत जाळी घाला.

अक्कल ह्या विषयावर फार लिहीत नाही. उडून सहज माडाच्या निम्म्यावर जाणारी गिनी तीन फुटी गडग्यापलीकडे एकटी राहिली की विसरते की आपल्याला पंख आहेत. गडग्याच्या कडेने इकडून तिकडे, तिकडून इकडे, तासभर धावत ओरडते, आणि अलीकडच्या दहाजणी तिला साथ देतात. तुम्ही जाऊन तिला दुसऱ्या टोकाच्या बेड्याकडे (फाटकाकडे) हाकत आणायचं. हाकताना दोन काठ्या दोन हातांत आडव्या धरा आणि सावकाश चाला, धावलात तर पांगतात. पकडायची वेळ आलीच तर पायाला धरू नका, पाय निखळतो. दोन्ही हातांनी पंखांवरून दाबून धरा. गाडी नवी असेल तर तिच्या चकचकीत दारावर झाकण घाला. आतल्या दुसऱ्या नराशी आमच्या नराचं दोन वर्षं भांडण चालू होतं.

राहिला तुमचा कोंबडा. विणीच्या दिवसांत गिनी नर त्याच्या मागे लागतो, शेपटीची पिसं उपटतो. कोंबडे लढतात तेव्हा एकजण माघार घेतो आणि प्रकरण मिटतं, गिनीला ही रीत माहीत नाही, ती पाठलाग करतच राहते. कोंबड्याला पळून जायला दुसरी वाट आणि चढून बसायला उंच जागा हवी, खुराडं एकच असेल तर मधे जाळी घालून दोन खण करा. खाद्याची भांडीही दोन, दहा-पंधरा फुटांवर. एवढं करूनही तो दाराशी कोपऱ्यात अंग चोरून उभा दिसायला लागला तर शिमगा ते नवरात्र नरांना वेगळं ठेवावं लागेल, किंवा कोंबडा ओळखीच्या कुणाला तरी द्यावा लागेल. तो बाबांच्या लाडाचा असेल तर हे त्यांना आत्ताच सांगून ठेवा.